सेंट किल्डाची आगबोट कागदावर कशी उतरवावी

जुनी आगबोट काढायला बसलं की बहुतेक जण सगळ्यात आधी धुराडं काढतात, त्यातून धुराचे लोट सोडतात आणि मग उरलेल्या जागेत बोट बसवायला बघतात. असं चित्र लांबूनही ओळखू येतं. धुराडं झकास असतं आणि बोट पाण्यावर बसलेलीच नसते. त्यात सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. 'आधी लांबट आयत काढा, मग पुढचं टोक निमुळतं करा' हे वाचून वाचून कंटाळा आला. आयताला टोक काढलं की फार तर खोकं होतं, आगबोट होत नाही. आगबोटीला एकही सरळ काठ नसतो आणि सगळी मेहनत त्या काठावरच करायची असते.

या लेखात आपण 'डनारा कॅसल' काढू. स्कॉटलंडमधल्या पोर्ट ग्लासगोला ब्लॅकवूड अँड गॉर्डन यांच्या गोदीत १८७५ साली ही लोखंडी बोट बांधली गेली, ग्लासगोच्या मार्टिन ऑर्म यांच्यासाठी. काम हेब्रिडीज बेटांना माल, टपाल, माणसं आणि जनावरं पोचवायचं. १८७७ पासून उन्हाळ्यात ती सेंट किल्डालाही जाऊ लागली. हे बेट हेब्रिडीजच्याही पलीकडे, अटलांटिकमध्ये साठेक किलोमीटर आत. वर्षातले कितीतरी महिने तिथे कुणी फिरकायचं नाही, त्यामुळे ही बोट आली की शहरातले हौशी प्रवासी यायचे आणि बेटावरचे लोक त्यांना हातमागाचं कापड आणि समुद्रपक्ष्यांची अंडी विकायचे. शेवटी तेही जमेना. १९३० च्या ऑगस्टमध्ये बेट कायमचं रिकामं झालं. उरलेली ३६ माणसं २९ तारखेला 'हेअरबेल' या नौदलाच्या जहाजातून निघाली. त्यांच्या मेंढ्या त्याआधी डनारा कॅसलवर चढल्या होत्या. बोट मात्र १९४८ पर्यंत टिकली, मग मोडीत निघाली.

ही निवडायचं कारण असं की मोठ्या प्रवासी जहाजांसारखे मजल्यावर मजले हिच्यावर नाहीत. काळं अंग, सरळ उभी नाळ, म्हणजे पुढचं टोक, मागे पाण्यावर झुकलेलं गोल बूड, म्हणजे मागचं टोक, पुढेमागे एकेक डोलकाठी, मध्ये धुराडं. लांबी साधारण १८० फूट. अंदाज हवा असेल तर १९४७ साली काश्याच्या खडकाजवळ बुडालेली आपली 'रामदास' जवळपास एवढ्याच लांबीची होती. म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. धक्क्यावर उभं राहून एका नजरेत मावेल एवढी बोट.

कागद ए-३, पेन्सिल २एच आणि एचबी, शाईची बारीक पेनं, गुण्या, कर्कटक, ट्रेसिंग पेपर. एवढं घरात असेल असं धरतो. एक जास्तीची वस्तू लागेल, खराट्याचा लांबसा हीर. त्याचं काम पुढे येईल.

साल ठरवा, मग फोटो शोधा

जुन्या आगबोटी आयुष्यभर बदलत राहतात. डनारा कॅसलला सुरुवातीला दोन धुराडी होती. बॉयलर बदलल्यावर एकच उरलं. म्हणून आधी साल ठरवायचं आणि त्या काळातलेच फोटो समोर ठेवायचे. दोन वेगवेगळ्या काळातले फोटो जोडून काढलेली बोट कधीच अस्तित्वात नव्हती, आणि जाणकार माणूस नेमकं तिथेच बोट ठेवतो. आपण एका धुराड्याची, १९२०-३० च्या सुमाराची काढू.

फोटो उलटा छापलेला नाही ना, तेही बघा. काचेच्या निगेटिव्हवरून छापताना डावं-उजवं सर्रास उलटायचं. नाळेवरचं नाव वाचता आलं तर प्रश्न मिटला. नाही तर एकाच बोटीचे दोन-तीन फोटो ताडून बघा.

बाजूचं चित्र

तिरप्या कोनातून बोट काढायची असली तरी आधी तिचं सरळ बाजूचं चित्र काढावंच लागतं. ही पायरी गाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचं चित्र बघतो आणि गप्प बसतो.

एक सेंटिमीटरला पाच फूट हे प्रमाण घ्या. १८० फुटांची बोट ३६ सेंटिमीटरची होते आणि ए-३ कागदावर आडवी बरोबर बसते. नाळ डावीकडे ठेवा. पाण्याची रेघ काढा आणि ती लांबी आठ समान भागांत वाटून प्रत्येक ठिकाणी उभी रेघ मारा. नाळेची आणि बुडाची धरून नऊ उभ्या रेघा झाल्या. आता फोटोवरून कर्कटकाने प्रत्येक रेघेवर काठाची, म्हणजे बोटीच्या अंगाच्या वरच्या कडेची, पाण्यापासूनची उंची घ्या. फोटो अगदी बाजूने घेतलेला असेल तर थेट मोजता येते. नसेल तर जवळात जवळचा घ्या आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काठ नाळेकडे जास्त चढतो, बुडाकडे कमी. त्या काळच्या बोटींत पुढची चढण मागच्या चढणीच्या साधारण दुप्पट असायची आणि सगळ्यात खालचा बिंदू बरोबर मध्यावर नसून थोडा मागे असायचा. दोन्ही टोकं सारखी उचलली तर बोटीचं केळं होतं. चित्रांतली निम्मी केळी या एका गोष्टीमुळे होतात.

आता हीर. नऊ ठिकाणी उंचीच्या खुणा झाल्या की कागद मऊ पाटीवर ठेवा, खुणांपाशी टाचण्या खोचा आणि हीर त्यांना टेकवून वाकवा. निमुळतं टोक नाळेकडे. हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असल्यामुळे बारीक बाजूला तो जास्त वाकतो, आणि आपल्याला काठ नाळेकडेच जास्त वाकलेला हवा असतो. प्लॅस्टिकचे तयार वक्र वापरून बघा, तीन तुकडे जोडावे लागतात आणि प्रत्येक सांध्यावर बारीक कोपरा दिसतो. बोटी बांधणारे हेच काम लांब लवचीक रीप वाकवून करतात. हीर सुका असेल तर मोडतो, रात्रभर पाण्यात ठेवा. एखादी टाचणी हिरापासून सुटून राहत असेल तर बहुतेक वेळा मोजमाप चुकलेलं असतं. टाचणी हलवा, हिराला ओढू नका.

याच चित्रात धुराडं, डोलकाठ्या, ब्रिज (कप्तान उभा राहतो तो उंचवटा) आणि मागची केबिन यांच्या जागा पाण्याच्या रेघेवर खुणावून ठेवा. शेजारी एक माणूस काढा. साडेपाच फुटी माणूस १.१ सेंटिमीटरचा होतो. पुढे कठडा, दार, खिडकी जे काही काढाल ते त्याच्या शेजारी धरून बघा. गुडघ्याएवढा कठडा आणि धुराड्याच्या निम्म्या उंचीचा कप्तान या दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे पकडल्या जातात.

बोटीचा वरून दिसणारा आराखडाही बाजूला छोटासा काढून ठेवा. रुंदी लांबीच्या सातव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे पाचेक सेंटिमीटर. मधला निम्मा भाग जवळपास पूर्ण रुंद असतो. पुढे तो निमुळता होत नाळेच्या धारेला मिळतो, मागे गोल वळतो. आठ भागांच्या रेघा इथेही मारा.

तिरपी बोट: इथे घाई नको

माझी बरीच वर्षं याच पायरीत गेली आणि याबद्दलचे सल्लेही सगळ्यात वाईट मिळतात. 'नजरेने अंदाज घ्या' म्हणतात. नजर ज्याची तयार आहे त्याला हा लेख कशाला लागेल?

सुरुवात क्षितिजरेषेपासून. बघणारा कुठे आहे हे आधी ठरवा. सेंट किल्डाला १९०१-०२ पर्यंत धक्काच नव्हता. पुढेही आगबोट गावासमोरच्या उपसागरात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं वल्ह्यांच्या होडीतून ये-जा करायची. म्हणून आपण होडीत बसलेल्या माणसाच्या नजरेने बघू. त्याचा डोळा पाण्यापासून चार फुटांवर, म्हणजे आपल्या प्रमाणात ०.८ सेंटिमीटर. नाळेपाशी पाण्याच्या रेघेच्या बरोबर ०.८ सेंटिमीटर वर क्षितिज येणार. ते काठाच्या कितीतरी खाली आहे. याचा अर्थ डेक दिसणार नाही. जरासुद्धा नाही. क्षितिज काठाच्या खाली ठेवून डेकवरच्या फळ्या दाखवणारी चित्रं मी इतकी पाहिली आहेत की आता पहिली नजर तिथेच जाते. डेक दाखवायचाच असेल तर कड्यावर जाऊन बसा आणि क्षितिज डोलकाठ्यांच्याही वर न्या. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता मांडणी. कागद आडवा ठेवून टेबलाला चिकटवा. नाळेची उभी रेघ डाव्या कडेपासून १२ सेंटिमीटरवर. बोट थोडी आपल्याकडे तोंड करून उभी आहे, बूड उजवीकडे लांब जातंय. लांबीच्या रेघांचा लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, क्षितिजावर, नाळेपासून उजवीकडे ६० सेंटिमीटरवर. रुंदीच्या रेघांचा डावीकडे ३० सेंटिमीटरवर. दोन्ही कागदाबाहेर पडतात, पडू द्या. टेबलावर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा. लोपबिंदू कागदात कोंबायचा मोह म्हणजे बोट वेडीवाकडी करायचा हमखास मार्ग. हे अंतर धरलं की ३६ सेंटिमीटरची बोट कागदावर सुमारे २० सेंटिमीटर लांब दिसते. तेव्हा बुडाची उभी रेघ नाळेपासून २० सेंटिमीटरवर मारा.

इथे लोक लगेच बोटीची बाहेरची बाजू काढायला धावतात. थांबा. आधी बोटीचा कणा काढायचा. नाळेपासून बुडापर्यंत बोटीच्या बरोबर मधून एक उभा पुठ्ठा घातला आहे असं समजा. नाळेच्या रेघेवर पाण्याची आणि काठाची खूण करा, दोन्हींपासून उजव्या लोपबिंदूकडे रेघा न्या. त्या दोन रेघा आणि दोन उभ्या रेघा मिळून एक तिरका चौकोन तयार होतो. त्याचे कर्ण काढा. कर्ण जिथे छेदतात तिथे बोटीचा मध्य. पट्टीने मोजलेला मध्य नव्हे, यथार्थदर्शनातला, म्हणजे लांबचं लहान दिसतं हे धरून येणारा मध्य. तिथून उभी रेघ मारली की दोन चौकोन होतात. प्रत्येकाचे पुन्हा कर्ण, म्हणजे चार, पुन्हा एकदा म्हणजे आठ. बाजूच्या चित्रातल्या आठ भागांचं कारण आता कळलं असेल. दहा भाग करायला सांगणाऱ्यांनी ते कर्णांनी पाडून दाखवावेत.

आता उंची. बाजूच्या चित्रातली प्रत्येक रेघेवरची काठाची उंची कर्कटकाने उचला आणि तिरप्या चित्रात *नाळेच्या* रेघेवर ठेवा, कारण खरं माप फक्त तिथेच चालतं. त्या खुणेपासून उजव्या लोपबिंदूकडे रेघ न्या. ती त्या-त्या क्रमांकाच्या उभ्या रेघेला जिथे कापेल तिथे काठ. तिसऱ्या रेघेची उंची चौथ्या रेघेवर लावली की सगळं मुसळ केरात, म्हणून रेघांना आकडे घाला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ज्यांनी घनभूमितीची प्रक्षेपणं काढली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल.

खुणा जोडल्यावर जी रेघ येते ती बघून दचकू नका. नाळेपासून ती झपकन उतरते, मध्यापर्यंत येईतो बरीच खाली येते आणि तिथून मागे जवळजवळ आडवी चालते, शेवटी किंचितच उचलली जाते. बुडाकडची चढण गेली कुठे? गेली नाही. काठ वर चढतोय आणि अंतर वाढत असल्यामुळे सगळंच क्षितिजाकडे ओढलं जातंय, दोघांची फिटंफाट होते. नजरेने काढणारा हमखास इथे फसतो. बुडाकडे चढण असते हे त्याला माहीत असतं, म्हणून तो ती ठसठशीत दाखवतो आणि बोट मधून मोडल्यासारखी दिसते. जे माहीत आहे ते काढू नका. खुणा सांगतात ते काढा.

पाण्याची रेघ तर याहून सपाट. २० सेंटिमीटरच्या लांबीत ती जेमतेम पाव सेंटिमीटर वर येते. तिला वाक देऊन बोट गोलसर करायची हौस आवरा. एवढ्या खालून बघताना पाण्याची रेघ सरळच दिसते.

कणा झाला, आता अंग. वरून काढलेल्या आराखड्यातली प्रत्येक रेघेवरची अर्धी रुंदी बघा आणि काठाच्या खुणेपासून आपल्या बाजूला न्या. डाव्या लोपबिंदूपासून काठाच्या खुणेतून रेघ ओढा आणि ती तशीच उजवीकडे वाढवा. त्या वाढवलेल्या तुकड्यावर अर्धी रुंदी पडते. मध्यावर अडीच सेंटिमीटरची अर्धी रुंदी दिसताना जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर होते. तेवढी घ्या आणि इतर रेघांवर आराखड्याच्या हिशोबाने कमी करत न्या. रुंदी बारीक असल्याने इथे एखाद मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. उंचीत चालत नाही. हे नवे बिंदू हिराने जोडले की बोटीचा आपल्या बाजूचा खरा काठ मिळतो. पाण्याच्या रेघेवरही तेच करा, फक्त तिथे नाळेपाशी रुंदी काठापेक्षा कमी घ्या. बोट पुढे खाली अरुंद आणि वर पसरट असते, तिथेच तिचं अंग बाहेर झुकलेलं दिसतं. मधल्या भागात अंग जवळपास उभं. मागे बुडाकडे काठ पाण्याच्या रेघेच्या पुढे जाऊन गोल वळतो आणि खाली सावलीची खोबण राहते. सुकाणू त्या खोबणीत, वरचं टोक तेवढं दिसेल.

पलीकडची बाजू? या कोनातून दिसत नाही. पलीकडचा कठडासुद्धा नाही. काढू नका.

काठ पेन्सिलीने पक्का झाला की कागद उलटा धरून उजेडाकडे बघा, किंवा आरशात बघा. केळं झालं असेल तर उलट्या बाजूने लगेच दिसतं. इथपर्यंतची बोट नीट उतरली असेल तर ट्रेसिंग घेऊन ठेवा. वरचं काही बिघडलं तरी ही मेहनत पुन्हा करायची वेळ येणार नाही.

धुराडं आणि डोलकाठ्या

दोन्हींचं बूड कण्याच्या पुठ्ठ्यावर, काठावर नव्हे. आपल्या बाजूच्या काठावर डोलकाठी रोवली की ती बोटीच्या बाहेर उभी राहते. दोन्ही डोलकाठ्या मागे कललेल्या असतात. कल बाजूच्या चित्रातून घ्या, पण तिरप्या चित्रात तो थोडा कमी दिसतो.

धुराड्याचं तोंड दाखवू नका. आपण खाली होडीत आहोत. धुराड्याचं वरचं टोक क्षितिजाच्या बरंच वर आहे, त्यामुळे त्याची कड वरच्या बाजूला फुगलेली कमान दिसते आणि आतलं भोक दिसतच नाही. धुराड्यावरचे पट्टे आणि कडीही वरच्या बाजूला फुगलेली, आणि जितकी खाली तितकी चापट. लंबवर्तुळाचा लांब अक्ष धुराड्याच्या मधल्या रेघेला काटकोनात. धुराडं कललं की तोही तेवढाच कलतो. तो आडवा ठेवला तर धुराडं वरून कापल्यासारखं दिसतं. डोलकाठीला वरपर्यंत एकच जाडी ठेवणारेही बरेच. ती वर बारीक होते.

पुढच्या डोलकाठीला मालाची डेरिक, म्हणजे माल उचलायचा दांडा, तिच्या बुडाशी मालाच्या हौद्याचं झाकण. बाजूच्या होड्या, आत हवा नेणारे भोंगे, मागच्या केबिनच्या खिडक्या हे फोटोवरून. यात काही अवघड नाही. भोंग्यांची सगळी तोंडं एकाच दिशेला ठेवू नका एवढंच.

वारा, धूर आणि पाठीमागचं बेट

एका नांगरावर उभी असलेली बोट वाऱ्याकडे तोंड करते. भरतीओहोटीचा ओढ जोराचा असेल तर गोष्ट वेगळी, पण चित्रात वारा धरा. म्हणजे धूर नाळेकडून बुडाकडे, निशाणही तिकडेच. नांगर टाकलेल्या बोटीचा धूर नाळेकडे वाहताना दाखवला की कुठल्याही कोळ्याला हसू येईल. शिवाय उभी बोट धुराचे लोट सोडत नाही. बारीकशी रेघ पुरे.

आपली बोट डावीकडे तोंड करून आहे आणि आपण गावाच्या किनाऱ्याकडून समुद्राकडे, म्हणजे साधारण आग्नेयेला बघतोय. म्हणजे वारा उत्तरेचा. हे तिथल्या भूगोलाला धरून आहे. सेंट किल्डा हा खरं तर बेटांचा पुंजका, त्यातल्या वस्तीच्या हिर्टा बेटाचा हा उपसागर आग्नेयेला उघडा आहे, त्या बाजूचा वारा सुटला की तिथे थांबणं मुश्कील. उत्तरेकडून ४३० मीटर उंचीचा कोनाहर डोंगर आडोसा देतो.

मग पाठीमागे काय? उजवीकडे दून, करवती कण्याचं लांबट बेट, डावीकडे ऑशेव्हल डोंगराचा उतार, मधल्या मोकळ्या समुद्रात लेव्हेनिशचा सुळका. बस्स. सेंट किल्डा म्हटलं की लोकांना स्टॅक ली आणि स्टॅक अन आर्मिन हे पांढऱ्या पक्ष्यांनी भरलेले सुळके आठवतात आणि ते बोटीच्या मागे रोवले जातात. ते बोरेरे बेटाजवळ आहेत, ईशान्येला. गावासमोरून दिसत नाहीत, ते बघायला खिंडीत चढून जावं लागतं. फार आवडत असतील तर त्यांचं वेगळं चित्र काढा.

दूनची उंचीही मनाने घेऊ नका. आपल्या मांडणीत एक सोपा हिशोब निघतो. वस्तूची उंची भागिले तिचं अंतर, गुणिले ४२, की क्षितिजापासूनचे सेंटिमीटर मिळतात. ४२ हे ६० आणि ३० या लोपबिंदूंच्या अंतरांवरून आलं आहे. त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. दूनचा कणा पावणेदोनशे मीटरच्या वर जातो. किलोमीटरभर अंतर धरलं तर सात-साडेसात सेंटिमीटर. बघा, किती मोठा होतो तो. अंदाजाने काढलात तर तीनच सेंटिमीटर काढाल आणि बोट तळ्यात उभी राहील.

बोटीच्या अंगाला लागून एक होडी आणि तिच्यात चार माणसं काढाच. माणसं बोटीच्या त्या भागातल्या प्रमाणाने, नाळेजवळ १.१ सेंटिमीटर, बुडाकडे त्याची दोन तृतीयांश. मेंढ्या काढायच्या असतील तर १९३० चा ऑगस्ट धरा आणि डेरिकपाशी गर्दी दाखवा, पण कठड्याच्या वर फक्त डोकी येतील.

शाई

पाठीमागचं बेट सगळ्यात बारीक पेनाने, तुटक रेघांत. बोटीचा काठ जाड पेनाने, एका दमात. हात थरथरत असेल तर पुन्हा हीर लावा, लाज कसली. अंग काळं आहे म्हणून सपाट काळं भरू नका. आडव्या रेघांनी भरा, काठाच्या वळणाबरोबर त्याही वळवा, आणि पाण्यालगत एक बारीक पट्टी फिकी सोडा. पाण्यावरून परतलेला उजेड तिथे पडतो. रिव्हेट काढत बसू नका. एवढ्या अंतरावरून ते दिसत नाहीत.

दोरखंड शेवटी, पट्टी न लावता, मध्ये मध्ये रेघ तोडून. डोलकाठीच्या टोकापासून खाली ओढा, खालून वर नको, कारण पेनाची शाई सुरुवातीला जास्त उतरते आणि खालची टोकं कठड्याच्या गर्दीत लपतात. नाळेवरचं नाव काढायचं असेल तर अक्षरंही लोपबिंदूकडे जाणाऱ्या दोन रेघांमध्ये बसवा. बारीक असतील तर अर्धी पुसट ठेवा. पेन्सिल खोडायला निदान तासभर थांबा, काळ्या भागावर तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावू नका. आपल्या दमट हवेत शाई वरून सुकलेली वाटते आणि खोडरबर फिरला की फासते.